बोतीनमध्ये जेवायचं तर भट्टीच्या घड्याळाने चाला

माद्रिदमध्ये मित्रमंडळींबरोबर दोन-तीन दिवस काढायचे ठरले, की सोब्रीनो दे बोतीनचं नाव यादीत येतंच. 1725 पासून त्याच जागेवर अखंड चालू असलेलं हे रेस्टॉरंट, गिनेसच्या नोंदीनुसार जगातलं सर्वांत जुनं. याहून जुन्या वर्षाची पाटी लावणाऱ्या जागा युरोपात आहेत. पॅरिसचं ल प्रोकोप 1686 चं, पण ते मधे कित्येक वर्षं बंद होतं. बोतीनचं वेगळेपण त्या ‘अखंड’ शब्दात आहे. आणि त्या अखंडपणाचा पुरावा पाटीत नाही, भट्टीत आहे. इथलं जेवण भट्टीभोवती आखलं तर जमतं. बाकी कशाच्याही भोवती आखलं, म्हणजे फोटोंच्या, लेखक हेमिंग्वेच्या किंवा आपल्या फिरण्याच्या वेळापत्रकाच्या, तर महाग आणि साधारण जेवण पदरात पडतं.

झाँ बोतीन हा फ्रेंच स्वयंपाकी. उत्तर स्पेनमधल्या आस्तुरियासच्या आपल्या पत्नीबरोबर तो दरबारातल्या एखाद्या सरदाराकडे काम मिळेल म्हणून माद्रिदला आला. त्या पत्नीच्या भाच्याने 1725 मध्ये काये दे कुचियेरोस या गल्लीत छोटी धर्मशाळा उघडली. पुढे हाच धंदा कांदिदो रेमिस या भाच्याच्या नावाशी जोडला गेला आणि पाटीवर ‘सोब्रीनो दे बोतीन’, म्हणजे ‘बोतीनचा भाचा’, कायमचा राहिला. इमारत त्याहून जुनी, 1590 च्या सुमाराची. तळमजल्यावर तेव्हा मोकळ्या कमानी होत्या. त्या बंद करून घेतल्या आणि लाकडावर चालणारी भट्टी बांधली. दारातल्या दगडावर 1725 हा आकडा कोरलेला दिसतो, तो त्याच कामाचा.

या भट्टीचं महत्त्व कळायला त्या काळचा एक नियम माहीत हवा. अठराव्या शतकात बराच काळ स्पेनमधल्या धर्मशाळांना मांस, दारू किंवा इतर खाण्याच्या वस्तू विकायला बंदी होती. त्या विकणं म्हणजे खाटीक, दारूवाले वगैरे मंडळींच्या धंद्यात घुसखोरी मानली जायची. प्रवाशाने आपला शिधा आपण आणायचा आणि धर्मशाळेने तो शिजवून द्यायचा, एवढंच. म्हणजे या जागेकडे सुरुवातीला विकायला होती ती फक्त आग. मेन्यू, वाइनचं तळघर, सोनेरी वर्खाची नक्षी, सगळं नंतर आलं. एकोणिसाव्या शतकात तळमजल्यावर मिठायांचं काउंटर होतं, तिथे क्रीम भरलेले बार्तोलियो विकत. तेव्हाही ही जागा ‘कासा दे कोमिदास’, म्हणजे खाणावळच म्हणवली जायची. ‘रेस्टॉरंट’ हा शब्द मोजक्या उंची ठिकाणांसाठी राखून ठेवलेला असे. विसाव्या शतकात गोन्सालेस कुटुंबाने ती चालवायला घेतली तेव्हा तळमजला आणि पहिला मजला एवढंच जेवणघर होतं. वरचे दोन मजले कुटुंबाचं घर आणि तळघर म्हणजे कोठार. आज चारही मजल्यांवर टेबलं आहेत.

आत शिरलात की भट्टी जवळच दिसते. तिथे घाई करू नका. विटांचा घुमट, पुढून टाइल्स, आत निखारे, बाजूला मातीच्या थाळ्यांत रांगेने ठेवलेली कच्ची पिल्लं आणि लांब दांड्याचं फावडं घेतलेला भाजणारा. सरपण एन्सिनाचं, म्हणजे स्पेनच्या पठारावर वाढणाऱ्या सदाहरित ओकचं. हे लाकूड जड आणि घट्ट असतं, सावकाश जळतं आणि त्याचा निखारा बराच वेळ टिकतो. भडकणारं लाकूड इथे उपयोगाचं नाही. मांस ज्वाळेवर भाजायचं नसतं, तापलेल्या विटांच्या उष्णतेवर भाजायचं असतं. घुमट एकदा आतपर्यंत तापला की सगळ्या बाजूंनी सारखी धग देतो. अशी भट्टी पूर्ण थंड करून पुन्हा तापवली तर विटा आकुंचन-प्रसरणाने तडकतात, शिवाय ती आतून तापायला फार वेळ घेते. म्हणून रात्री निखारे राखेखाली जिवंत ठेवण्यात शहाणपण आहे. ही आग कधी विझलेली नाही असं बोतीनचे लोक अभिमानाने सांगतात, आणि भट्टीचं शास्त्र पाहिलं तर त्यांना ती विझू देणं परवडणारंही नाही.

आता मुख्य पदार्थ, कोचिनियो आसादो. जेमतेम तीन आठवड्यांचं, फक्त आईच्या दुधावर वाढलेलं डुकराचं पिल्लू. बोतीनमध्ये ते सेगोव्हिया भागातून येतं. साफ केल्यावर वजन साधारण चार ते पाच किलो भरतं आणि एका पिल्लात सहाच्या आसपास माणसं जेवतात. पोटाकडून उघडून ते मातीच्या पसरट थाळीत ठेवतात. तळाला थोडं पाणी, वर मीठ, थोडी चरबी, लसूण-तमालपत्रासारखा हलका वास. कास्तियाच्या पद्धतीत मसाल्याची भाऊगर्दी नसते. आधी कातडी खालच्या बाजूला, म्हणजे आतलं मांस वाफेवर आणि धगेवर मऊ होतं. मग उलटून कातडी वर. ती टोचतात, तिच्यावर चरबीचा हात फिरवतात आणि शेवटच्या कडक धगेत ती फुगून कुरकुरीत होते. एकूण दोन ते अडीच तास. साध्या ओव्हनच्या भाषेत सांगायचं तर बराच वेळ 160 ते 180 अंश आणि शेवटची काही मिनिटं 200 च्या वर. कान आणि शेपटी पातळ असल्याने लवकर करपतात, त्यांना झाकावं लागतं.

कातडी कुरकुरीत होण्यामागचं कारण लक्षात घेतलं तर टेबलावर काय करू नये हेही कळतं. लहान पिल्लाच्या कातडीत कोलॅजेन भरपूर असतं. पहिल्या टप्प्यात त्याचं जिलेटिन होतं, दुसऱ्या टप्प्यात त्यातलं पाणी उडून जातं आणि उरतो तो काचेसारखा पातळ, ठिसूळ पापुद्रा. खालच्या मांसात मात्र वाफ कोंडलेली असते. प्लेट टेबलावर आली की ती वाफ वर येऊ लागते आणि पापुद्रा भिजवते. पाच-सात मिनिटं पुरेशी असतात. सहा जणांनी सहा कोनांतून फोटो काढेपर्यंत जी गोष्ट खायला आलात तीच चिवट झालेली असते. फोटो एकाने काढावा, बाकीच्यांनी सुरी उचलावी. थाळीतला रस कातडीवर ओतायचा नाही, तो बाजूच्या बटाट्यासाठी आणि पावासाठी आहे. आधी कातडीचा तुकडा, मग बरगडीलगतचं मांस, मांडीचा भाग शेवटी. बरगडीकडे कातडीचं प्रमाण जास्त, मांडीकडे मांसाचं. दोन प्लेट मागवल्या असतील तर एक ‘कोस्तियास’ (बरगडी) आणि एक ‘पिएर्ना’ (मांडी) मिळेल का असं विचारून पाहा. भट्टीतून काय निघतंय त्यावर ते अवलंबून असतं, पण विचारलेलं कुणाला खटकत नाही.

प्लेटच्या कडेने पिल्लू कापून शेवटी ती प्लेट जमिनीवर आपटण्याचा सोहळा सेगोव्हियाचा आहे. तो पाहायचा तर तिकडे जायला हवं. मांस किती मऊ आहे हे दाखवायचा तो एक मार्ग, चवीत त्याने काही भर पडत नाही.

दुसरा भाजलेला पदार्थ कोर्देरो, दूधपित्या कोकराचं मांस. सेपूल्वेदा, आरांदा आणि रियासा या तीन गावांमधल्या पट्ट्यातलं कोकरू चांगलं मानतात आणि बोतीनही तिथलंच घेतं. चवीला कोचिनियोपेक्षा खोल, कातडीचा खेळ कमी. माझं स्पष्ट मत असं की चार मांसाहारी माणसांनी कोचिनियोच्या दोन आणि कोर्देरोची एक प्लेट मध्ये ठेवून वाटून खावी. प्रत्येकाने आपापली प्लेट मागवली की अर्धं जेवण झाल्यावर चरबीने तोंड बसतं आणि उरलेलं टाकावं लागतं. ‘पारा कोम्पार्तीर’, म्हणजे वाटून खायला, एवढं सांगितलं की वेटर रिकाम्या प्लेट आणून देतो. स्पेनमध्ये ही अगदी रुळलेली पद्धत आहे, संकोच नको.

सोबत आंबट काहीतरी हवंच. व्हिनेगरचं साधं सॅलड किंवा गास्पाचो हे थंडगार टोमॅटो सूप. क्रोकेता (तळलेले क्रोकेट), मोर्सिया (रक्ताचं सॉसेज), चीज, हॅम असं सगळं आधी मागवून टेबल भरवण्याचा मोह मित्रांच्या घोळक्यात फार होतो आणि मुख्य प्लेट येईपर्यंत भूक संपलेली असते. सहा जणांत दोन सुरुवातीचे पदार्थ पुरे. पेयांत रिओहा किंवा रिबेरा देल दुएरोची तांबडी वाइन, कारण तिचा आंबट-तुरटपणा चरबी कापतो. 750 मिलिलिटरच्या बाटलीत पाच-सहा ग्लास होतात, म्हणजे सहा जणांना एक बाटली चाखायला, दोन जेवायला. सांग्रियाची सुरई दिसायला छान असते, पण तिचा गोडवा या मांसाशी जुळत नाही. पाणी बाटलीचंच घ्यावं लागतं असं नाही. 2022 च्या कायद्यानुसार स्पेनमधल्या हॉटेलांनी नळाचं पाणी मागितल्यास फुकट द्यायचं असतं. ‘आग्वा देल ग्रीफो’ म्हणा. माद्रिदचं नळाचं पाणी उत्तम आहे.

घोळक्यात शाकाहारी असतील तर हा भाग बुकिंगच्या आधी सगळ्यांनी मिळून वाचा. इथे शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण मेन्यूवरच्या नावावर विश्वास ठेवून फसतो. सोपा दे आहो हे लसूण, शिळा पाव आणि पिमेन्तोन या लाल मिरचीच्या पुडीचं सूप ऐकायला निरुपद्रवी वाटतं. त्यात बहुतेकदा हॅमचे तुकडे किंवा मांसाचं पाणी असतं, वर अंडं तर असतंच. आर्टिचोक, मशरूम, हिरव्या शेंगा या भाज्या हामोनबरोबर, म्हणजे हॅमबरोबर, परततात. ‘एन्सालादा मिक्स्ता’त ट्यूना असतो. स्पेनमध्ये अनेकांच्या लेखी हामोन म्हणजे मांस नव्हे, चव. म्हणून ‘मी शाकाहारी आहे’ एवढं सांगून भागत नाही. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन काल्दो दे कार्ने’ असं चारही गोष्टी मोजून सांगा, म्हणजे मांस नको, मासे नकोत, हॅम नको, मांसाचं पाणी नको. त्यातल्या त्यात भरवशाचा गास्पाचो: टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, लसूण, ऑलिव्ह तेल, व्हिनेगर, पाव. त्याचा घट्ट भाऊ साल्मोरेहो मात्र वर हॅम आणि अंडं घेऊन येतो. पांढरे शतावरीचे कोंब, ट्यूना वगळून सॅलड, भाजलेल्या मिरच्या चालतात. मिरच्यांसोबत बाकालाव, म्हणजे खारवलेला कॉड मासा, नाही ना, हे विचारा. मांचेगो चीज बहुधा प्राणिज रेनेटने, म्हणजे वासरा-कोकरांच्या जठरातल्या विरजणाने, विरजलेलं असतं, काटेकोर शाकाहाऱ्यांनी ते टाळावं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना गास्पाचोही बाद, त्यांच्यासाठी ही जागा खरोखर अवघड आहे. डुकराचं मांस न खाणाऱ्यांनी कोर्देरोवर जाण्याआधी ‘¿येवा मान्तेका?’ विचारावं. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी, आणि भट्टी तर दोन्हींना एकच आहे.

एखाद्याचं पथ्य फारच कडक असेल तर त्याला ओढून आणू नये. पाच मिनिटांवर मेर्कादो दे सान मिगेल आहे, 1916 चा लोखंडी सांगाड्याचा बाजार. तिथे तो आपलं आपण खाऊ शकतो आणि नंतर सगळे गोडाला एकत्र येतात. सहलीतले रुसवेफुगवे बहुतेक वेळा जबरदस्तीच्या जेवणातून सुरू होतात.

वेळेचं गणित असं. दुपारी साधारण एक ते चार, रात्री आठ ते साडेअकरा. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद. संध्याकाळी सहाला भुकेने व्याकूळ होऊन दाराशी उभं राहणारे पर्यटक रोज दिसतात. स्थानिक माणसं दुपारी दोन-अडीचला आणि रात्री साडेनऊ-दहाला जेवतात, म्हणून एक आणि आठ या वेळा तुलनेने शांत असतात. माझी निवड दुपारी एकची. त्या वेळी भट्टीपाशी गर्दी नसते, सकाळपासून भाजत आलेली पहिली खेप तयार असते आणि इतकं जड मांस रात्री पोटात घेऊन झोपायचं नसतं. रात्री मात्र विद्यार्थ्यांच्या जुन्या काळ्या पोशाखातली ‘तूना’ मंडळी गिटार-बांदुरिया घेऊन टेबलांमधून गात फिरतात. ते हवं असेल तर रात्रच घ्या आणि खिशात चार-दोन युरोची नाणी ठेवा. नाताळ-नववर्षाच्या आसपास वेळा बदलतात.

बुकिंग रेस्टॉरंटच्या साइटवरून, गर्दीच्या महिन्यांत काही आठवडे आधी. चारचं टेबल सहज मिळतं, सहाचं कष्टाने, आठ-दहांचं लिहून विचारावं लागतं. खोल्या लहान आहेत, टेबलं जोडायला जागा कमी. घोळका मोठा असेल तर चार-चारची दोन बुकिंग एकाच वेळेला करणं सोपं जातं, पण ती दोन टेबलं एकाच मजल्यावर हवीत हे बुकिंगच्या टिपेत आधीच लिहा. नाहीतर अर्धे तळघरात आणि अर्धे तिसऱ्या मजल्यावर, असा प्रकार होतो. तळघर, विटांच्या कमानीचं, सगळ्यांना हवं असतं. ते सुंदर आहे, पण जिना अरुंद, छत बुटकं, हवा कोंदट. गुडघेदुखीवाले किंवा बंद जागेत घाबरणारे बरोबर असतील तर तळमजल्यावरची किंवा पहिल्या मजल्यावरची खोली मागा. तळघर जेवणानंतर विचारून पाहून येता येतं. वेळेवर पोचा. टेबलांच्या फेऱ्या ठरलेल्या असतात, अर्धा तास उशीर म्हणजे घाईचं जेवण.

पोचायला सोपं आहे. प्लाझा मायोरच्या नैऋत्य कोपऱ्यातल्या आर्को दे कुचियेरोस या कमानीतून दगडी पायऱ्या उतरल्या की काये दे कुचियेरोस, क्रमांक 17. मेट्रोने सोल, ओपेरा किंवा ला लातीना, तिन्हीकडून चालत दहा मिनिटांच्या आत. वाटेत मिळेल ते खात येऊ नका. प्लाझा मायोरभोवती कालामारेसचे, म्हणजे तळलेल्या स्क्विडचे, पाव प्रसिद्ध आहेत, ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

हेमिंग्वेच्या 1926 च्या कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात इथल्या वरच्या मजल्यावरचं जेवण येतं, आणि चित्रकार गोयाने तरुणपणी इथे भांडी घासल्याची आख्यायिका आहे. ही नावं ऐकून वरच्या मजल्याचा हट्ट धरू नये. भट्टी सगळ्या मजल्यांना सारखीच पोचते, आणि तळमजल्याच्या टेबलावर प्लेट सर्वांत लवकर येते.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. वेटर विसरलेला नसतो, पाहुण्याला उठवणं तिथे असभ्य समजतात. ‘ला क्वेन्ता, पोर फाव्होर’ म्हणा. मेन्यूवरच्या किमतीत 10 टक्के आयव्हीए हा कर धरलेला असतो. पावाचे वेगळे पैसे लागू शकतात, ते मेन्यूवर लिहिलेले असतात. नको असेल तर पाव आल्या आल्या परत करा. पण थाळीतला रस पाहता तो ठेवून घ्यावा हे बरं. बक्षिशी सक्तीची नाही, आवडलं तर वरची रक्कम पूर्ण करून किंवा पाचेक टक्के ठेवतात. बिल सहा कार्डांवर तोडायला लावू नका. एकाने भरावं, हिशोब बाहेर करावा. आणि पिणाऱ्यांची वाइन न पिणाऱ्यांच्या वाट्यात जाणार नाही हे जेवणाआधीच ठरवून टाकावं.

गोडाला इथली तार्ता, म्हणजे केक, ठीक आहे, पण चालत दहा मिनिटांवर चोकोलातेरिया सान हिनेस आहे, 1894 पासूनचं. चुरो म्हणजे मैदा, पाणी, मीठ यांची तळलेली कांडी, अंडं नाही. सोबत चमचा उभा राहील असं घट्ट चॉकलेट. शाकाहारी मित्रही इथे मनसोक्त खातात.

टेबल मिळालंच नाही तर बोतीनच्या दारात ताटकळू नका. 1870 पासूनचं ला बोला दुपारी कोसिदो देतं, एन्सिनाच्या कोळशावर एकेकट्या मातीच्या बुडकुल्यात शिजवलेलं. आधी त्यातलं पाणी शेवयांवर ओतून सूप, मग चणे, भाज्या आणि मांस. थंडीत जाणाऱ्यांना हे बोतीनपेक्षाही आवडू शकतं. खिसा हलका असेल तर 1860 चं कासा लाब्रा, सोलच्या अगदी जवळ. स्पेनच्या समाजवादी पक्षाची स्थापना 1879 मध्ये इथेच गुपचूप झाली. उभ्याने तळलेला बाकालाव खायचा, सोबत छोटी बिअर, म्हणजे ‘कान्या’, आणि वीस मिनिटांत बाहेर. रांग दोन असतात, एक खाण्याची आणि एक पेयाची. घोळक्याने दोन भागांत विभागून दोन्हीकडे उभं राहावं.